फ्लाइट मोडवरचा इतिहासाचा तास

निजामाच्या चांदीच्या रुपयावर चारमिनार असतो आणि चारमिनारच्या मधल्या कमानीत एक अक्षर असतं. नुसत्या डोळ्यांना ते अक्षर म्हणजे झिजलेला ठिपका वाटतो. फोनचा कॅमेरा जवळ नेऊन फोटो मोठा केला की ते उलगडतं. 'मीम' असेल तर नाणं सहाव्या निजामाचं, म्हणजे महबूब अली खानाच्या काळातलं. 'ऐन' असेल तर सातव्याचं, उस्मान अली खानाचं. पहिल्याची कारकीर्द 1869 ते 1911, दुसऱ्याची 1911 पासून 1948 पर्यंत. नववीच्या मुलाला हे एकदा कळलं की आज्जीच्या बटव्यातला किंवा देव्हाऱ्यात पूजेला ठेवलेला 'हाली सिक्का' तो स्वतः वाचू शकतो. कुणी सांगायची गरज उरत नाही. इतिहासाच्या तासाला मुलांच्या घरचे फोन वर्गात हवेत असं मी म्हणतो, ते या एवढ्याशा गोष्टीसाठी.

मी कर्नाटकातल्या बिदर जिल्ह्यात, चिटगुप्प्यात राहतो आणि याच भागात मराठी माध्यमाच्या मुलांना समाजविज्ञान शिकवतो. चिटगुप्पा आधी हुमनाबाद तालुक्यात होतं, अलीकडे स्वतंत्र तालुका झाला. निजामाच्या राज्यात ते पायगा या उमराव घराण्याच्या जहागिरीत मोडायचं. आमची मुलं घरात मराठी बोलतात, बसमध्ये कन्नड, बाजारात दखनी. त्यांचं पाठ्यपुस्तक मराठीतच असतं, पण छापून येतं बेंगळुरूहून. त्या पुस्तकाला फ्रेंच राज्यक्रांतीपासून भारताच्या राज्यघटनेपर्यंत सगळं सांगायचं असतं. त्यात आमच्या वाट्याला किती ओळी येणार? पुस्तकाबद्दल माझी तक्रार नाही. पण बहमनी सुलतानांची राजधानी आमच्या जिल्ह्यात, कल्याणी चालुक्यांची राजधानी आमच्या जिल्ह्यात, बसवण्णांचा अनुभव मंटप इथलाच. असं असताना इतिहास म्हणजे दिल्लीत किंवा पॅरिसमध्ये घडलेलं काहीतरी, अशी समजूत घेऊन मूल दहावीच्या परीक्षेला बसतं, हे मला बघवत नाही.

कोरोनाच्या वर्षांत घरोघरी स्मार्टफोन आले. शाळा उघडल्या, पण ते परत गेले नाहीत. आता प्रश्न एवढाच होता की त्यांचं करायचं काय. महाराष्ट्रातल्या सोलापूर जिल्ह्यात परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडून दाखवले होते. पालकांच्या फोनवरून मुलं कविता ऐकायची, पाठाचे व्हिडिओ पाहायची. पुढे महाराष्ट्राने ती पद्धत साऱ्या पुस्तकांत आणली आणि 2020 मध्ये गुरुजींना 'ग्लोबल टीचर प्राइझ' मिळालं. आता आमच्या कर्नाटकच्या पुस्तकांवरही कोड असतात आणि ते 'दीक्षा' या सरकारी पोर्टलवर उघडतात. हे काम मोलाचंच आहे. पण त्यात ज्ञान फोनमधून मुलाकडे येतं. मला हवा होता उलटा रस्ता. मुलाने आपल्या गावातून काहीतरी शोधून फोनमध्ये आणावं आणि वर्गात त्याची तपासणी व्हावी.

म्हणून आमचा पहिला नियम फ्लाइट मोडचा. वर्गात फोन बाहेर निघाला की आधी ते विमानाचं चिन्ह दाबायचं. इंटरनेट बंद, रील बंद, ऑनलाइन गेम बंद. तरीही हातात कॅमेरा, आवाज टिपणारं यंत्र, विजेरी, होकायंत्र आणि घड्याळ एवढं सगळं उरतंच. इतिहासाच्या विद्यार्थ्याला याहून जास्त लागतं तरी काय! दुसरा नियम, चार मुलांत एकच फोन. तो कुणाच्या वडिलांचा असतो, कुणाच्या मोठ्या भावाचा. ज्याच्या घरी फोन नाही त्याला 'आण' असं म्हणायचं नाही. तो गटाचा लेखनिक होतो. मग कुणाकडे महागडा सेट आहे आणि कुणाच्या काचेला तडा गेलाय, याला फारसा अर्थ राहत नाही.

याला विरोध करणारी माणसं आहेत आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. युनेस्कोच्या 2023 च्या जागतिक शिक्षण अहवालाने बजावलंय की तंत्रज्ञान शिकण्याला खरोखर मदत करत असेल तिथेच वापरावं; जवळ नुसता फोन असला तरी मुलांचं लक्ष उडतं. फ्रान्सने 2018 मध्येच कायदा करून शाळांत फोनला बंदी घातली. आपल्याकडे 'असर' या शिक्षणविषयक पाहणीत 2024 मध्ये ग्रामीण भागातल्या 14 ते 16 वर्षांच्या मुलांपैकी 82 टक्क्यांहून जास्त मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. त्यांतली आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी फोन वापरलेली मुलं होती 57 टक्के आणि समाजमाध्यमांसाठी वापरलेली 76 टक्के. हा आकडा पाहूनच एखादे पालक म्हणतात, "सर, घरी तर हातातनं सुटंना, आता शाळेत बी?" मी त्यांना तास बघायला बोलावतो. आठवड्यातला एखादा तास, तोही ठरवलेल्या कामापुरता. बाकीच्या वेळी फोन घरीच राहावा, या मताचा मीही आहे.

आता जलसंगीबद्दल सांगतो. हुमनाबाद तालुक्यात जलसंगीला चालुक्यांच्या काळातलं एक देऊळ आहे. त्याच्या बाहेरच्या भिंतीवर मदनिकांच्या मूर्ती आहेत. त्यातली एक आरशात बघत नाही, नाचतही नाही. ती लिहिते आहे. दगडात कोरलेली बाई दगडावर लेख कोरते आहे, आणि त्या संस्कृत लेखात सहाव्या विक्रमादित्याची स्तुती आहे. हा राजा 1076 ते 1126 असा पन्नास वर्षं कल्याणच्या गादीवर होता. बिल्हणाने त्याच्यावर काव्य रचलं, त्याच्याच राज्यात विज्ञानेश्वराने 'मिताक्षरा' लिहिली, आणि हिंदू वारसा कायद्याच्या खटल्यांत ब्रिटिशांच्या कोर्टांतही ती आधाराला घेतली जायची. ते कल्याण म्हणजे आमचं बसवकल्याण.

भर दुपारी त्या लेखाचा समोरून फोटो घेतला तर काही दिसत नाही. ऊन सपाट पडतं आणि अक्षरं दगडात बुडून जातात. मग दोन गटांचे दोन फोन घ्यायचे. एकीने छत्री किंवा ओढणी धरून सावली करायची, दुसऱ्याने आपल्या फोनची विजेरी दगडाच्या अगदी कडेला, जवळजवळ भिंतीला टेकवून आडवी धरायची आणि तिसरीने समोरून फोटो घ्यायचा. तिरपा उजेड अक्षराच्या एका काठावर पडतो, दुसऱ्या काठावर सावली होते आणि ओळ उठून दिसते. मग उजेड डावीकडून, वरून, खालून. प्रत्येक फोटोत वेगळं अक्षर हाती लागतं. शिलालेखांचे अभ्यासक पूर्वीपासून ओला कागद दगडावर बसवून, ब्रशने ठोकून, शाई फिरवून ठसे घेत आले आहेत. मैसूरला पुरातत्त्व खात्याच्या पुराभिलेख शाखेत असे ठसे जपलेले आहेत. बेंगळुरूची मिथिक सोसायटी तर शिलालेखांचं त्रिमितीय स्कॅनिंग करते. आमच्याकडे तसली यंत्रं नाहीत. पण दगडाला हात न लावता, खडू न फासता, तेल न ओतता लेख वाचायचा, एवढं मुलांना येतं. गावातल्या कुठल्याही वीरगळावर हौशी लोक चुना आणि ऑइलपेंट लावतात, तेव्हा आता आमची मुलं त्यांना अडवतात.

बिदरला गेलं की काम बदलतं. महमूद गवानचा मदरसा 1472 च्या सुमारास बांधून झाला. गवान इराणातून आलेला, बहमनी राज्याचा वजीर. 1481 मध्ये खोट्या पत्राच्या कटात सुलतानाने त्याचा शिरच्छेद करवला. 1696 मधल्या स्फोटात मदरशाचा मोठा भाग उडाला. निजामाच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख गुलाम याझदानी यांनी बिदरवर लिहिलेला मोठा ग्रंथ 1947 मध्ये निघाला, त्यात इथल्या वास्तूंची छायाचित्रं आहेत. असं एखादं जुनं छायाचित्र बरोबर न्यायचं आणि तो छायाचित्रकार उभा होता तीच जागा शोधायची. मिनार आणि कमान फोटोतल्यासारखी जुळेपर्यंत मुलं पुढे-मागे सरकत राहतात. जुळलं की तोच फोटो पुन्हा घ्यायचा आणि दोन्ही शेजारी ठेवायचे. कुठल्या फरशा गळल्या, कुठे डागडुजी झाली, कुठे नवं कुंपण आलं. इमारतीकडे इतका वेळ, इतक्या बारकाईने बघणारी मुलं मला सहलीत कधी दिसली नव्हती.

घरातले कागद हे आणखी वेगळं प्रकरण. ट्रंकेत, माळवदाच्या कोनाड्यात, पिशवीत गुंडाळून ठेवलेले खरेदीखत, पावत्या, शाळेचे दाखले. त्यावरचं साल पाहून मुलं चक्रावतात, कारण ते असतं 1340, 1351, 1357. निजामाच्या राज्यात कारभार फसली सालाने चालायचा. त्यात 590 मिळवले की इसवी सन मिळतो, म्हणजे फसली 1357 ऑक्टोबर 1947 मध्ये सुरू होतं. कागद उर्दूत असतो. त्याहून जुना असेल तर मोडीतही. मूळ कागद शाळेत आणायचा नाही, हा तिसरा नियम. घडी उघडताना तुकडा पडला तर तो गेलाच. घरीच, खिडकीच्या उजेडात, वरून सरळ फोटो घ्यायचा आणि मागची बाजूही घ्यायची, कारण शिक्के आणि शेरे मागेच असतात.

छापील उर्दू फोनमधलं ॲप थोडंफार वाचतं. हाताने भरभर लिहिलेल्या उर्दूपुढे ते थांबतं. तेव्हा लागतात वर्गातल्याच एखाद्या मुलाचे अब्बाजान किंवा निजामाच्या काळात चार इयत्ता शिकलेले कुणाचे तरी आबा. पाटलाच्या घरचा कागद वाचायला मुलं मोमीन गल्लीत जातात, मोडी आलं तर कुलकर्ण्यांच्या जुन्या वाड्यावर. आमच्या भागाचा इतिहास एका भाषेत वाचताच येत नाही, हे मला फळ्यावर लिहून शिकवावं लागत नाही.

फोनमधला सगळ्यात मोठा शत्रू मात्र नेटातून येतो. व्हॉट्सॲपवर मुलांना इतिहासाचे जेवढे संदेश येतात तेवढी पानं वर्षभरात मी शिकवत नाही. म्हणून महिन्यातला एक तास मी फ्लाइट मोड काढायला लावतो आणि एकच फोटो घेतो. दर सप्टेंबरला फिरणारा एक फोटो आहे: विमानतळावर निजाम सरदार पटेलांपुढे हात जोडून उभे. खाली ओळ असते की 17 सप्टेंबर 1948, निजाम शरण. मुलांनी तो फोटो उलटा शोधायचा, म्हणजे चित्रावरून चित्राचं मूळ हुडकायचं. शोधत गेलं की कळतं, हा प्रसंग बेगमपेटचा आणि फेब्रुवारी 1949 मधला. पटेल हैदराबादच्या भेटीवर आले तेव्हाचा. 17 सप्टेंबरला निजामाने रेडिओवरून युद्धबंदी जाहीर केली आणि 18 तारखेला त्याचे सेनापती एल एद्रूस मेजर जनरल जयंतनाथ चौधरींपुढे शरण आले. फोटो खरा, माणसं खरी, फक्त खालची ओळ खोटी. खोटं असंही असतं, हे चौदाव्या वर्षी समजलेलं बरं.

त्याच तासाला मी आणखी एक गोष्ट दाखवतो. स्वतः काढलेल्या फोटोचा तपशील उघडला तर तारीख, वेळ, कधीकधी जागाही दिसते. तोच फोटो व्हॉट्सॲपवरून फिरून आला की ही माहिती गळून पडलेली असते. पुराव्याची वंशावळ तुटते ती अशी. कथेची वंशावळही अशीच तपासायची. दामाजीपंतांची कथा आमच्याकडे घरोघरी माहीत आहे: मंगळवेढ्याला दुष्काळात कोठार खुलं केलं आणि विठ्ठल महाराच्या रूपात बिदरच्या बादशहाकडे धान्याची रक्कम भरायला आला. मुलांना मी विचारतो की ही कथा पहिल्यांदा कुणी लिहिली, घटनेनंतर किती वर्षांनी, आणि बिदरच्या दरबाराच्या कागदांत काय आहे. कुणाची श्रद्धा मोडायला मी हे विचारत नाही. कथा हा दुष्काळाचा पुरावा होऊ शकते, देवाच्या येण्याचा नाही, आणि दोन्हींना आपापली जागा असते, हे मुलं मोठ्यांपेक्षा लवकर समजून घेतात.

आता 1948 बद्दल. हे सगळं मी सुरू केलं त्याचं खरं कारण तेच आहे. त्या वर्षी दहा वर्षांचा असलेला माणूस आज नव्वदीला टेकला आहे. 13 सप्टेंबरला हैदराबाद संस्थान ताब्यात घ्यायला भारतीय फौजा सोलापूरहून नळदुर्गला शिरल्या आणि उमरगा, राजेश्वर करत जहिराबादच्या दिशेने गेल्या. त्या वाटेचा आज 65 क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग झाला आहे. आमची मुलं मन्नाखेळीला त्याच रस्त्यावर एसटीची वाट बघतात. रणगाडे बघायला रस्त्याच्या कडेला उभी राहिलेली तेव्हाची पोरं अजून काही घरांत आहेत. पाच-दहा वर्षांनी नसतील.

पण हे ध्वनिमुद्रण म्हणजे खेळ नाही. मे 1948 मध्ये आमच्याच जिल्ह्यात गोरट्याला निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांनी कत्तल केली. दोनशेहून अधिक माणसं मारली गेली असं सांगतात. आणि सप्टेंबरच्या त्या लष्करी कारवाईनंतरच्या, म्हणजे पोलीस ॲक्शननंतरच्या आठवड्यांत मुसलमान वस्त्यांवर जे कोसळलं, त्याची चौकशी करायला केंद्र सरकारने पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली. तिने सर्वाधिक झळ बसलेले म्हणून जे चार जिल्हे नोंदवले ते उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. मृतांचा तिचा अंदाज 27 ते 40 हजारांचा होता आणि तो अहवाल अनेक दशकं लोकांसमोर आला नाही. माझ्या वर्गात दोन्हीकडच्या घरांची नातवंडं एकाच बाकावर बसतात. एक आठवण टिपायची आणि दुसरी गाळायची असं केलं, तर तो इतिहासाचा तास राहणार नाही. तेवढं करण्यापेक्षा फोन बंदच ठेवलेला चांगला.

म्हणून जाण्याआधी प्रश्न वर्गात ठरतात. 'रझाकारांनी काय केलं?' किंवा 'लष्कराने काय केलं?' असा प्रश्न विचारायचा नाही, कारण त्यावर माणूस ऐकलेलं सांगतो, पाहिलेलं नाही. विचारायचं, त्या दिवशी तुम्ही कुठे होतात? घरात काय शिजलं होतं? गाव सोडताना बरोबर काय घेतलं? कुणाच्या घरी राहिलात? परत आलात तेव्हा जनावरं होती का? अशा प्रश्नांतून निघणारी माहिती मोठ्या पुस्तकांत सापडत नाही. ज्वारीचं पेव कुणी फोडलं, रात्री कडब्याच्या गंजीत कोण लपलं, आणि लपवलं कुणी. हा 'लपवलं कुणी'चा भाग जवळजवळ प्रत्येक घरात येतो आणि बहुतेक वेळा लपवणारं घर दुसऱ्या धर्माचं असतं.

एका आज्जीने बोलायला सुरुवात करण्याआधी मुलींना विचारलं, "हे बोललेलं कुठं जातंय?" याचं उत्तर मुलांकडे तयार असावं लागतं. ते शाळेच्या कॉम्प्युटरवर राहतं, कुठल्याही ग्रुपवर जात नाही, नाव नको असेल तर नाव येत नाही, आणि उद्या 'पुसून टाका' म्हणालात तर पुसतो. हे आधी सांगायचं, फोनवर टिपायचं आणि मगच पुढे जायचं. सांगताना कुणाला रडू आलं तर यंत्र बंद करायचं आणि पाणी द्यायचं. चालू ठेवायचं नाही. फाळणीच्या आठवणी गोळा करणारं '1947 पार्टिशन अर्काइव्ह' साध्या स्वयंसेवकांना शिकवून दहा हजारांहून जास्त मुलाखती जमवू शकलं. आमचं काम त्याच जातीचं आहे, आकाराने फार लहान.

टिपण्याची रीत साधी आहे, पण ती कळायला वेळ लागतो. पंखा बंद करायचा, नाहीतर नंतर त्याचीच घरघर ऐकू येते. फोन पलंगावर घडी केलेल्या टॉवेलवर ठेवायचा, हातात धरायचा नाही. फ्लाइट मोड इथेही हवा, मध्येच फोन वाजला तर आठवणीचा धागा तुटतो तो पुन्हा सापडत नाही. आणि म्हातारं माणूस गप्प झालं तर आपणही गप्प राहायचं. हे शेवटचं मुलांना फार अवघड जातं.

मुलींबद्दल वेगळं सांगायला हवं. 'असर'च्या 2023 च्या पाहणीत फोन वापरता येणाऱ्या 14 ते 18 वयाच्या मुलांत स्वतःचा स्मार्टफोन असणारी 43.7 टक्के होती, मुलींत 19.8 टक्के. आमच्याकडे मुलीच्या हातात फोन दिसला की आधी शंका येते. पण माजघरातल्या बाया मुलांपुढे बोलत नाहीत, मुलींपुढे बोलतात. म्हणून गटाचा फोन कुणाचाही असो, मुलाखतीला तो मुलीच्या हातात असतो. 1948 मध्ये पुरुष कुठे पळाले हे पुरुष सांगतात. मागे राहिलेल्या घरात काय झालं हे बायकाच सांगू शकतात. वडिलांनी वर्षभर दिला नसता तो फोन 'शाळेचं काम' म्हणून मुलीकडे येतो, ही गोष्ट मला छोटी वाटत नाही.

जमलेलं टिकवणं हीच मोठी अडचण आहे. फोनची मेमरी भरली की घरात कुणीतरी लग्नाचे फोटो ठेवतं आणि मुलाखत पुसतं. म्हणून त्याच दिवशी, वायरने, शाळेच्या कॉम्प्युटरवर घ्यायचं. व्हॉट्सॲपने नाही, त्यात दर्जा उतरतो. फाइलला गाव, तारीख, विषय असं नाव द्यायचं. दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर, वेगळ्या इमारतीत. पण शिक्षकाची बदली झाली की या डिस्कला वाली कोण? तालुक्याच्या वाचनालयात अशा ध्वनिमुद्रणांसाठी एक कपाट आणि एक जबाबदार माणूस हवा. ही मागणी मी जिथे जातो तिथे करतो आणि इथेही करतो.

पुढचं काम 1956 चं आहे. 1 नोव्हेंबरला जुन्या बिदर जिल्ह्याचे तीन भाग झाले. अहमदपूर, निलंगा, उदगीर मुंबई राज्यात गेले. जहिराबाद, नारायणखेड आंध्रात. उरलेला भाग म्हैसूरमध्ये. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांची आत्या उदगीरला आणि मावशी जहिराबादला आहे. 17 सप्टेंबर हा दिवस उदगीरची आतेभावंडं 'मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन' म्हणून पाळतात, आमच्याकडे तो 2019 पासून 'कल्याण कर्नाटक उत्सव' आहे, आणि जहिराबादेत राज्य आणि केंद्र एकाच दिवसाला वेगवेगळी नावं देतात. दिवाळीच्या सुट्टीत मुलांनी भावंडांना फोन लावायचा आहे, चक्क बोलण्यासाठी, आणि त्यांच्या पाठ्यपुस्तकातल्या 17 सप्टेंबरबद्दलच्या पानाचा फोटो मागवायचा आहे. तिन्ही पानं वर्गात भिंतीवर शेजारी लागतील. कोणतं नाव कुणी गाळलं आणि कोणतं कुणी पुढे आणलं, हे मुलं लाल पेनने खुणावतील. तेलुगू पान वाचणारं वर्गात कुणी नाही, म्हणून एका मुलीने जहिराबादच्या मावशीला ते वाचून दाखवायला राजी केलंय. मावशी म्हणाली, वाचते, पण आधी तुमच्या पुस्तकात काय लिहिलंय ते मला सांगा.